डबीत गडद, चेहऱ्यावर राखट: सणासुदीच्या मेकअपची दरवर्षीची अडचण

नवरात्र संपून दिवाळीची खरेदी सुरू झाली की एक तक्रार ठरलेली असते. दुकानात बोटाने हातावर ओढून पाहिलेली आयशॅडो इतकी खुलली की तिथल्या तिथे घेतली, आणि लक्ष्मीपूजनाला पापणीवर लावली तर धुरकट, राखाडी काहीतरी दिसलं. लाली गालावर बसलीच नाही, नुसती पावडर सांडल्यासारखी वाटली. लाल लिपस्टिक जेवणं होईतो राणी रंगाची झाली. मग निष्कर्ष निघतो, "माझ्या रंगावर काही उठूनच दिसत नाही."

हे वाक्य ऐकलं की मला फार वाईट वाटतं. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेला गडद रंग जसे पेलतात तसे क्वचितच कुणाला पेलतात. पैठणीचे रंग आठवा: मोरपंखी, राणी, जांभळा, शेवाळी, वर सोनेरी जर. या रंगांशेजारी आपले चेहरे पिढ्यान् पिढ्या शोभत आले आहेत. दोष असतो तो डबीतल्या मिश्रणाचा, आणि ते मिश्रण पैसे देण्याआधी ओळखता येतं.

आधी आपली तक्रार नेमकी कोणती ते बघा, कारण वरवर एकच वाटल्या तरी या तीन वेगळ्या अडचणी आहेत. रंग दिसतो पण राखट दिसतो, तेव्हा त्यात पांढरं जास्त आहे. रंग मुळी दिसतच नाही, तेव्हा एकतर रंगद्रव्य कमी आहे किंवा ते धरून ठेवायला खाली काही नाही. आणि लावताना बरोबर असलेला रंग तासाभराने बदलतो, तेव्हा कारण रसायनाचं आहे. पहिली अडचण सगळ्यात जास्त जणींना येते, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते.

राख येते कुठून

पावडरच्या डबीत रंगद्रव्याबरोबर बरीच भर असते: टाल्क, अभ्रक, आणि सगळं बांधून ठेवायला थोडं तेल. टाल्क, म्हणजे आपलं शंखजिरं, तसं फार त्रास देत नाही. कोरडं असताना ते पांढरं दिसतं, पण तेल लागलं की जवळजवळ पारदर्शक होतं, कारण त्याचा अपवर्तनांक, म्हणजे पदार्थ प्रकाश किती वाकवतो त्याचं माप, तेलाच्या जवळचा आहे. तेलांचा १.५ च्या जरा खाली, टाल्कचा जरा वर. त्रास देतं ते टायटॅनियम डायऑक्साइड. त्याचा अपवर्तनांक २.५ च्या वर जातो, त्यामुळे तेलात भिजलं तरी ते पांढरंच राहतं. भिंतीच्या पांढऱ्या रंगाला झाकण्याची ताकद यानेच येते.

बेबी पिंक, पीच, लॅव्हेंडर, मिंट अशा फिकट शेड बनवायच्या तर गडद रंगात हे पांढरं कालवतात. गोऱ्या त्वचेवर ते मिसळून जातं. आपल्या त्वचेतलं मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य प्रकाश शोषून घेतं, वरचे पांढरे कण तो परत फेकतात, आणि त्या पांढऱ्या पडद्याआडून खालचा तपकिरी रंग दिसला की डोळ्याला निळसर राखाडी भास होतो. म्हणूनच जास्त लावणं हा यावरचा उपाय होऊ शकत नाही. जितकं थापाल तितकं पांढरं वाढतं.

उपाय निवडीच्या वेळीच करायचा. ज्या शेडमध्ये पांढरं नाही किंवा अगदी कमी आहे, ती घ्यायची. गालासाठी बेबी पिंकऐवजी बीटाचा लाल, कोकमाचा रंग, गडद शेंदरी, विटकरी. डबीत पाहून "अगंबाई, हे फार होईल" असं वाटलं, तर सावळ्या त्वचेसाठी बहुतेक वेळा तीच शेड बरोबर असते. ब्रशचं टोक नुसतं टेकवायचं, हातावर झटकायचं आणि गालावर हलकं फिरवायचं. तोच भीतिदायक रंग आतून आलेल्या लालीसारखा दिसतो. डोळ्यांसाठीही हाच नियम: मऊ गुलाबीऐवजी वाईन, पीचऐवजी तांब्याचा रंग, लॅव्हेंडरऐवजी वांग्याचा जांभळा.

लेबलवरून थोडा अंदाज येतो. रंगद्रव्यांना पाच आकडी क्रमांक असतात आणि ते सी आणि आय या दोन इंग्रजी अक्षरांनंतर छापलेले असतात. ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ ही लोखंडाची लाल, पिवळी आणि काळी ऑक्साइडं. विटकरी, मातकट, तपकिरी शेड यांतूनच होतात आणि आपल्या त्वचेशी त्यांचं छान जमतं. ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. पण लेबलवर फार विसंबू नका. पूर्ण पॅलेटला मिळून एकच यादी असते, रंग बहुधा शेवटी अधिक-उणेच्या (±) खुणेनंतर, म्हणजे "यांतले असू शकतात" अशा अर्थाने, येतात, आणि कोणत्या शेडमध्ये काय किती आहे ते त्यातून कळत नाही. चमकीच्या शेडमध्ये तर ७७८९१ जवळजवळ असतंच, आणि तिथे त्याचं काम वेगळं असतं. ते पुढे सांगते.

जाता जाता, घरात शाकाहार काटेकोर पाळत असाल तर ७५४७० हा क्रमांक लक्षात ठेवा. तो कार्माइन, कोचिनियल किड्यापासून काढलेला लाल. डोळ्यांसाठीच्या गर्द लाल आणि किरमिजी मॅट, म्हणजे बिनचमकीच्या, शेडमध्ये तो बराच वापरला जातो, कारण लिपस्टिकमध्ये चालणाऱ्या अनेक कृत्रिम लाल रंगांना अमेरिकेत डोळ्यांभोवती वापरायची परवानगी नाही. व्हीगन, म्हणजे प्राणिजन्य काहीही नसलेल्या, पॅलेटमधले लाल कधी कधी विटकरीकडे झुकतात त्यामागे हेही एक कारण आहे.

हातावर छान, पापणीवर गायब

दुकानात आपण रंग तपासतो कुठे? मनगटाच्या आतल्या बाजूला. शरीरावरच्या सगळ्यात उजळ आणि कोरड्या जागांपैकी ती एक. पापणी आपल्याकडे बहुतेकींची चेहऱ्याहून गडद असते, तेलकट असते आणि सतत घडी पडत असते. शिवाय बोटाने दाबून ओढलेला थर जाड असतो, ब्रश त्याच्या मानाने फारच थोडं उचलतो. मनगटावरची परीक्षा अशी सगळ्या बाजूंनी सोपी असते.

त्याऐवजी पंजाच्या मागच्या बाजूला, बोटांच्या पेरांजवळ, जिथे त्वचा जरा काळसर असते तिथे तपासा. प्रायमर (मेकअपखाली लावायचा थर), क्रीम काही न लावता, हलक्या बोटाने एकच ओढ. मग दुसऱ्या बोटाने चार-पाच वेळा चोळा. खाली त्याच रंगाची पातळ छटा उरली तर रंगद्रव्य खरं आहे. खडूसारखा पांढुरका थर उरला तर ती डबी परत ठेवा, कितीही सवलत असली तरी. ही परीक्षा मॅट शेडवरच घ्यायची. शिमर दुकानाच्या झगमगीत दिव्यांखाली नेहमीच सुंदर दिसतं, त्याच्यावरून कंपनीची पारख करू नका. मॅट वांगी, मॅट निळा आणि मॅट हिरवा बनवणं सगळ्यात अवघड असतं. हे तीन ज्याला नीट जमले, त्याचे बाकीचे रंगही बहुधा चांगले असतात.

टेस्टर ओठांना किंवा डोळ्यांना लावू नका. ते शेकडो बोटांनी हाताळलेले असतात.

आता पापणीची तयारी. थोडं कन्सीलर (डाग झाकायचं त्वचेच्या रंगाचं क्रीम) किंवा आय प्रायमर पातळ लावून मिनिटभर थांबायचं, चिकटपणा जरासा राहू द्यायचा. रंग त्या चिकटपणालाच धरतो. आपल्या त्वचेहून दोन शेड उजळ कन्सीलर पापणीवर लावायचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो आपल्यासाठी पटत नाही. उजळ कन्सीलर म्हणजे पुन्हा तेच पांढरं, वरच्या रंगात मिसळून राख करणारं. आपल्या शेडचं घ्या. पापणी फार काळसर असेल तर आधी नारिंगी करेक्टरचा एक पुसटसा हात पुरतो. मॅट रंग ब्रशने घासत नेण्याऐवजी थोपटत बसवायचा, कडा मात्र दुसऱ्या स्वच्छ ब्रशने विरवायच्या.

चमकीचा रंग आणि काळी पार्श्वभूमी

आता जी गोष्ट सांगते तिच्यात सावळ्या त्वचेची बाजू सरस आहे, आणि ती फार कमी जणींना माहीत असते.

मोत्यासारख्या चमकीच्या शेडमध्ये अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर चढवलेला असतो. त्या थराची जाडी बदलली की परावर्तित होणारा रंग बदलतो: रुपेरी, सोनेरी, तांबूस, निळा, हिरवा. हा रंग रंगद्रव्याचा नसतो. पाण्यावर पसरलेल्या तेलाच्या थरात जे घडतं, तसा तो प्रकाशाच्या खेळातून येतो. असा पापुद्रा काही प्रकाश परत पाठवतो आणि उरलेला आरपार जाऊ देतो. खाली पांढरं असेल तर आरपार गेलेला प्रकाशही परत येतो, सगळं एकमेकांत मिसळतं आणि रंग फिका पडतो. खाली गडद असेल तर तो प्रकाश शोषला जातो आणि वरचा रंग एकटा झळकतो.

त्यामुळे मोरपंखी, निळी-जांभळी, हिरवट-सोनेरी अशी रंग बदलणारी शेड घेतली असेल आणि ती पापणीवर दिसत नसेल, तर तिच्याखाली काळी किंवा गडद तपकिरी पेन्सिल लावा. बोटाने विरवून पातळ करा, सुकायच्या आत वर चमकीचा रंग बोटानेच थोपटा. फरक पाहून थक्क व्हाल. मोरपंखी पैठणीवर काळ्या पार्श्वभूमीवरचा हिरवा-निळा जितका शोभतो, तितकं दुसरं काही शोभत नाही असं माझं ठाम मत आहे. वर काजळाची रेघ आणि मस्करा, बस्स. अशा डोळ्यांबरोबर ओठ शांत ठेवा.

चमकी झडत असेल तर सपाट ब्रशवर सेटिंग स्प्रेचे एक-दोन फवारे मारून मग रंग उचला. कणांमधली हवा जाते, पापुद्रे आडवे बसतात, चमक दाट होते. मॅट डबीत मात्र ओला ब्रश घालू नका, वर कडक पापुद्रा धरतो.

लाल लिपस्टिक राणी का होते

काही लाल आणि गुलाबी लिपस्टिकमध्ये ४५४१० किंवा ४५३८० क्रमांकाचे इओसिन जातीचे रंग असतात. हे ओठांची त्वचा रंगवतात आणि ओठांच्या ओलाव्याशी संबंध आला की गर्द गुलाबी होतात. वरचा लाल थर चकली-शेवेबरोबर निघून जातो, खाली हा गुलाबी डाग उरतो. कुंकवासारखा लाल शेवटपर्यंत लालच हवा असेल तर हे दोन क्रमांक नसलेली लिपस्टिक शोधा. १५८५० क्रमांकाचे लाल आणि लोखंडी ऑक्साइडं यांवर बेतलेली शेड सहसा असा दगा देत नाही. हे क्रमांकही कधी कधी अधिक-उणेच्या यादीत असतात, तेव्हा खात्रीचा मार्ग म्हणजे सणाच्या आधी घरी लावून जेवून बघणं.

ओठ गडद किंवा दुरंगी असतील तर न्यूड, म्हणजे त्वचेशी मिळतीजुळती, शेड सगळ्यात अवघड. त्यातही पांढरं कालवलेलं असतं आणि ओठ आजारी दिसतात. आपलं न्यूड म्हणजे दालचिनी, चॉकलेट, विटकरी-गुलाबी. गडद सणाचा ओठ हवा असेल तर मरून, वाईन आणि जांभूळ हे तीन रंग जवळजवळ प्रत्येक मराठी चेहऱ्याला जमतात. आधी त्याच रंगाची लिप पेन्सिल पूर्ण ओठावर भरा, मग लिपस्टिक, टिश्यूने टिपा, पुन्हा एक थर. दुरंगीपणा झाकायला ओठांवर फाउंडेशन थापू नका, पेन्सिल ते काम छान करते.

फाउंडेशनचंही थोडं सांगते. ते लावल्यावर अर्ध्या तासात बऱ्याचदा जरा गडद, नारिंगी होतं, कारण उडून जाणारे द्रव उडतात आणि त्वचेचं तेल रंगकणांना भिजवतं. दुकानात जबड्याच्या कडेला लावून अर्धा तास बाजारात फिरून या, मग ठरवा. २०१७ मध्ये फेंटी ब्यूटी या परदेशी ब्रँडने फाउंडेशनच्या एकदम ४० शेड आणल्यानंतर इतरांनीही गडद बाजू वाढवायला घेतली. आपली शेड दुकानात नसेल तर दुसरं दुकान गाठा. "जरा उजळ घ्या, सणाला बरं दिसतं" म्हणणाऱ्या विक्रेत्याचं ऐकू नका. राखेची सुरुवात तिथूनच होते.

कुठल्या उजेडात दिसायचं आहे?

लक्ष्मीपूजनाला पणत्या असतात आणि पिवळ्या माळा. माळांच्या साधारण २७०० केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) आणि पणत्यांच्या त्याहूनही पिवळ्या उजेडात निळा भाग फार कमी असतो, म्हणून निळी आणि थंड जांभळी आयशॅडो काळपट वाटते. तांबं, सोनं, विटकरी, मरून मात्र पेटून उठतात. त्या संध्याकाळी हेच रंग घ्या. घरात पांढऱ्या, ६५०० केल्विनच्या ट्यूबलाइट असतील तर उलट होतं: चेहरा फिका पडतो, लाली दीडपट लागते, निळे रंग छान दिसतात.

दिवाळी पहाटेचा प्रश्न सगळ्यात किचकट. डोंबिवलीच्या फडके रोडवर किंवा ठाण्यात राम मारुती रोडवर जायचं तर तयारी होते अंधारात, बाथरूमच्या दिव्याखाली, आणि लोक पाहतात सकाळच्या कोवळ्या उन्हात. ऊन कुठलाही राखट पट्टा लपवू देत नाही. त्या दिवशी पावडरचे थर कमी ठेवा, लाली क्रीमची घ्या, डोळ्यांवर एकच गडद रंग नीट विरवून लावा आणि जोर ओठांवर द्या. उजाडायची वाट न पाहता तपासायचं असेल तर पांढरा दिवा असा ठेवा की खिडकीतल्या उजेडासारखा त्याचा प्रकाश समोरून चेहऱ्यावर पडेल. डोक्यावरचा दिवा डोळ्यांखाली खोटी सावली पाडतो.

वसईत किंवा गोव्यात नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला जाणाऱ्यांसाठी एवढंच: डिसेंबरात त्वचा कोरडी पडली असेल तर पावडर ठिगळं धरते, तेव्हा आधी मॉइश्चरायझर मुरू द्या.

आणि मोबाइलचा फ्लॅश. सिलिकाची बारीक पांढरी सेटिंग पावडर आरशात दिसत नाही, पण फ्लॅशच्या फोटोत डोळ्यांखाली पांढरे चट्टे पाडते. झिंक किंवा टायटॅनियमचं सनस्क्रीनही तेच करतं. निघण्याआधी दिवे घालवून एक फ्लॅश फोटो काढा. पांढरं दिसलं तर ओलसर स्पंजने टिपून घ्या.

आणलेलं पॅलेट वाया जाऊ नये म्हणून

खडूसारखी फिकट शेड घेतलीच असेल तर तिच्याखाली त्याच घराण्यातला गडद क्रीम रंग लावा. फिकट गुलाबीखाली वाईन रंगाची लिपस्टिक गालावर दोन ठिपके, नीट पसरून, वर त्या फिकट गुलाबी पावडरचा हलका हात. राख बरीच दबते. एखादी चांगली डबी अचानक रंगच देईनाशी झाली तर वर बोटांच्या तेलाचा कडक थर आला असेल. चिकटपट्टी हलकी दाबून उचला, खालचा ताजा रंग मिळतो. पुढच्या खरेदीला अठरा शेडच्या पॅलेटऐवजी तीन सुट्या डब्या घ्या: एक मॅट गडद तपकिरी किंवा वाईन, एक तांबं किंवा जुनं सोनं, आणि एक तुमच्या आवडत्या साडीचा रंग. सोबत काळी पेन्सिल असली की सगळे सण निभतात.

रंग गडद हवा म्हणून काहीही डोळ्यांना लावू नका. हस्तकलेची चमकी, नेल आर्टची पावडर, रांगोळी, गुलाल यांतलं काहीच पापणीसाठी नसतं. कडक कडांची चमकी बुबुळाला ओरखडे पाडू शकते, लेन्स वापरणाऱ्यांनी तर सुटी चमकी दूरच ठेवावी. सुट्या विकल्या जाणाऱ्या सुरम्यात गॅलेना, म्हणजे शिशाचं खनिज, असू शकतं. आपल्याकडे २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार प्रसाधनातल्या रंगांत शिसं दहा लाखांत २० भागांपेक्षा आणि आर्सेनिक २ भागांपेक्षा जास्त चालत नाही. पण पदपथावरच्या बेनामी डबीत काय आहे हे कुणी तपासलेलं नसतं. उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक आणि मुदत छापलेली नसेल तर घेऊ नका. परदेशी माल असेल तर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक पाहा. उघड्या झाकणाच्या चित्रातला आकडा म्हणजे उघडल्यानंतर किती महिने वापरायचं ते. मस्कराला तो बहुधा तीन ते सहाचा असतो. गेल्या दिवाळीचा मस्करा या दिवाळीला टाकून द्यायचा, पावडरी मात्र वास आणि पोत बदलला नसेल तर त्यांच्या मुदतीपर्यंत चालतात.